सायकलला मोटर बसवताना : मोटर आणि बॅटरी कशी निवडावी?

सायकल आणि आपला बेळगाव जिल्हा यांचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि त्यातूनच पुढे किर्लोस्कर उद्योगसमूह उभा राहिला. सायकलला विजेची मोटर जोडण्याची कल्पनाही जवळजवळ तितकीच जुनी आहे. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकाच्या मध्यभागी मोटर असलेल्या सायकलचे पेटंट १८९५ साली मिळाले. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा ओढणाऱ्यांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून तिला मोटरची जोड दिली. २००२ साली त्यांनी या कामाची माहिती ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

आता मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी यांचे तयार संच बाजारात मिळतात. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून काही वर्षे आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या. त्यांतील कितीतरी अजून घरोघरी उभ्या आहेत. अशा सायकलला मोटर बसवावी असे अनेकांना वाटते. पण ‘जास्तीत जास्त ताकदीची मोटर’ ही निवड बहुधा चुकीची ठरते. असे का, ते आपण हिशेबाने पाहू.

ताकद किती लागते?

चालवणारा, सायकल, दप्तर आणि बॅटरी मिळून १०० किलो वजन धरू. वारा नसताना सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे १२० वॅट लागतात. निम्मी शक्ती टायरच्या घर्षणात जाते आणि निम्मी हवा कापण्यात. वेग ताशी २५ केला की हाच आकडा १९० च्या आसपास जातो. म्हणजे वेग पाव पटीने वाढला आणि शक्ती मात्र दीडपटीहून जास्त लागली. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे त्याचे कारण.

चढावर काय होते? शंभर मीटर अंतरात चार मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर वेग ठेवण्यास सुमारे १८० वॅट लागतात. सामान्य माणूस न दमता ५० ते ७५ वॅट पायांनी देऊ शकतो. तेव्हा पायडल मारण्याची तयारी असेल तर आपल्या भागातील रोजच्या रस्त्यांना २५० वॅटची मोटर पुरते. तवंदी घाटासारखा लांब चढ रोजचा असेल तरच वेगळा विचार करावा लागेल.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वाहनाचे वजन ६० किलोच्या आत असेल, तर ते ‘मोटार वाहन’ मानले जात नाही. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. पायडलला मदत करणाऱ्या सायकलची मोटर त्या वेगाला किंवा पायडल थांबताच बंद व्हायला हवी. नियमाने ठरवलेल्या चाचणी संस्थेने हे तपासलेले असावे लागते, म्हणून संच घेताना दुकानदाराकडे तसे प्रमाणपत्र मागावे. चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तकही हवा.

पाचशे किंवा हजार वॅटची मोटर बसवली की तीच सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, विमा व परवाना आवश्यक होतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आपल्या गावाजवळून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. तेथे विमा नसलेल्या वाहनाने अपघात झाला तर काय ओढवेल, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

मोटर कोणत्या प्रकारची?

मोटरचे मुख्य प्रकार तीन. पहिला प्रकार चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या गिअरच्या हब मोटरचा. तिच्या आत लहान दातेरी चक्रे असतात. ती वजनाला साधारण तीन किलो असते, चढावर जोर देते आणि बंद असताना चाक मोकळे फिरू देते. दुसरा प्रकार बिनगिअरच्या हब मोटरचा. ती टिकाऊ आणि निःशब्द असते, पण जड असते. शिवाय बॅटरी संपल्यावर पायडल मारताना ती चाकाला ओढ लावते. तिसरी मोटर क्रँकजवळ बसते. ती गिअरच्या सायकलला उत्तम. पण एकाच वेगाच्या साध्या सायकलला तिचा पुरा उपयोग होत नाही. शिवाय क्रँक व अॅक्सल बदलावे लागतात आणि साखळीवर ताण येतो. साध्या सायकलला पहिला प्रकार योग्य.

घेण्याआधी तीन मापे पाहावीत. आपल्याकडच्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात, तर हब मोटरला बहुधा ३६ छिद्रे असतात. त्यामुळे नवी रिम आणि नव्या मापाच्या तारा घ्याव्या लागतात. दुसरे माप चिमट्यातील रुंदीचे. तेथे मोटर बसते का, ते पाहावे. तिसरे माप चाकाच्या व्यासाचे. २८ इंची चाक ताशी २५ किलोमीटर वेगात मिनिटाला सुमारे १९० फेरे घेते. २० इंची चाकासाठी बनवलेली मोटर यात बसवली तर सायकल ताशी ३५ च्या पुढे धावू पाहील आणि चढावर मात्र दम तोडेल.

मोटर चाकाला फिरवते तेव्हा तिचा आस उलट दिशेने फिरू पाहतो. नट ढिला असेल तर आस चिमट्यातून निसटतो आणि चाकच निघते. म्हणून आसाला चिमट्याशी पक्के धरणारी लोखंडी पट्टी लावल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणू नये. पुढचा चिमटा पोलादी नसेल तर पुढच्या चाकात मोटर बसवू नये.

बॅटरी किती मोठी?

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. बॅटरीत किती ऊर्जा मावते, ते हा आकडा सांगतो. हलके पायडल मारत, थांबत-निघत, चढ-उतारासह जाताना किलोमीटरला १० वॅट-तास धरले तर हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. कोगनोळीहून निपाणी किंवा कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत जाऊन-येऊन २४ किलोमीटर धरू. लागणारी ऊर्जा २४० वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करू नये आणि ती दरवर्षी थोडी उतरते, म्हणून तीस टक्के राखीव ठेवावेत. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. त्याचे सत्तर टक्के म्हणजे २५२. आपले काम भागले. ही बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते.

आणखी एक आकडा विचारावा. कंट्रोलर जास्तीत जास्त १५ अँपिअर ओढत असेल, तर बॅटरी सतत २० अँपिअर देऊ शकणारी असावी. अन्यथा चढावर ती मध्येच बंद पडते किंवा तापते.

कोणत्या जातीची?

शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त असते, पण १२ व्होल्टच्या तीन जोडल्या की दहा-बारा किलो वजन होते. रोज निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास ती लवकर मरते. लिथियम बॅटरीचे वजन त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतके असते. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लिथियममध्येही दोन जाती. निकेल-मँगनीज-कोबाल्टची हलकी असते. लोह-फॉस्फेटची थोडी जड, पण उष्णता अधिक सोसणारी आणि कितीतरी जास्त वेळा भरता येणारी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलसाठी दुसरी बरी. मात्र चार्जर त्याच बॅटरीचा वापरावा. ३६ व्होल्टची पहिल्या जातीची बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते, तर बारा सेलची लोह-फॉस्फेटची ४३.८ व्होल्टला. दुसरीचा चार्जर पहिलीला लावला तर ती प्रमाणाबाहेर भरून पेट घेण्याचा धोका असतो. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट आत आहे का, ते बिलावर लिहून घ्यावे. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून घरी बॅटरी बनवण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांनी करू नये.

रात्री झोपताना, दाराच्या वाटेत, कडब्याजवळ किंवा तंबाखूच्या वखारीत बॅटरी चार्जिंगला लावू नये. उन्हातून आल्यावर ती निवू द्यावी. फुगलेली, पडून चेपलेली किंवा पाणी शिरलेली बॅटरी पुन्हा भरू नये.

पैसे आधी कशावर?

कांबीचे ब्रेक पावसात नीट धरत नाहीत. वेग आणि वजन वाढल्यावर ते मुळीच पुरे पडत नाहीत. म्हणून ब्रेकचा खर्च मोटरच्या आधी धरावा. ब्रेकची मूठ दाबताच मोटर बंद करणारा स्विचही हवाच. खर्चाचा क्रम ब्रेक, बॅटरी आणि शेवटी मोटर असा असावा.

विश्वस्त मंडळाने अशा सायकलींसाठी सावलीची जागा राखावी आणि स्टँडवर ब्रेकची व चाकाच्या नटांची तपासणी ठेवावी. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरापासून शाळेचे अंतर मोजावे, सायकलसह वजन करावे आणि वरील रीतीने आपल्याला किती वॅट-तास लागतील ते काढून विज्ञानाच्या वहीत मांडावे. ते पान पालकांना दाखवल्यानंतरच दुकानाची पायरी चढावी.