मुलाची बुद्धी कशी वाढते?

जून उजाडला की आबिड्सच्या पुस्तकांच्या दुकानांत पालकांची रीघ लागते. रविवारी तर पदपथांवरच जुन्या पुस्तकांचा बाजार मांडलेला असतो. खेड्यातून आलेला बाप अंकगणिताचे पुस्तक चाळता चाळता दुकानदाराला सांगून टाकतो, "पोरगं मठ्ठ आहे हो. यंदा बघतो, नाही तर गुरांमागं लावतो." मूल असते सहा वर्षांचे! पेरणीनंतर आठव्या दिवशी कणीस नाही म्हणून कोणी शेतकरी रोप उपटीत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र आपल्याला तेवढा धीर नसतो.

मुलाची बुद्धी म्हणजे मोठ्या माणसाच्या बुद्धीची लहान आवृत्ती नव्हे, ती वेगळ्याच रीतीने चालते, हे जाँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने (१८९६–१९८०) दाखवून दिले. आपल्या तिन्ही मुलांकडे तान्हेपणापासून तो बारकाईने पाहत असे व टिपून ठेवीत असे. त्याने केलेला एक प्रयोग घरी सहज करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखी ज्वारी भरा. "दोन्हींत सारखी आहे ना?" असे मुलाला विचारा. मग त्याच्यासमोरच एका पेल्यातली ज्वारी उंच, निमुळत्या भांड्यात ओता व पुन्हा विचारा. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा उंच भांड्यात जास्त आहे असे सांगेल. सात-आठ वर्षांचे मूल तुम्हालाच वेड्यात काढील: "ओतली फक्त, वाढली कुठं?" मधल्या दोन-तीन वर्षांत कोणी त्याला हे शिकवलेले नसते. उंची वाढली पण रुंदी घटली, या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरण्याची शक्ती त्याला आलेली असते.

अर्थात पियाजेने सांगितलेली वये म्हणजे काही पंचांग नव्हे. मेक्सिकोतील कुंभारांच्या मुलांवर १९६९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, ही गोष्ट या मुलांना इतर मुलांपेक्षा लवकर उमगत होती. रोज हात मातीत असल्याचा तो परिणाम! तेव्हा खळ्यावर अधोलीने धान्य मोजू लागणारे मूल गणितात मागे पडेल, अशी भीती बाळगू नये. उलट ते मोजमाप पुस्तकातल्या आकड्यांना आधार देते.

आता मारण्याविषयी. "दोर घे, विळा आण, म्हशीला पाणी दाखव आणि येताना काकूकडून चाळण आण," असे पाच वर्षांच्या मुलाला सांगितले की ते दोर घेऊन मध्येच उभे राहते. आपण त्याला उनाड म्हणतो. पण मनात एका वेळी धरून ठेवण्याची जागा मोठ्या माणसालाही चार-पाच गोष्टींपुरतीच असते. लहानाला त्याहून कमी. एकेक काम सांगा, होते की नाही पाहा. छडीने ती जागा वाढत नाही. भ्यालेल्या मुलाच्या मनात तर तेवढीही उरत नाही.

बुद्धीला खतपाणी काय लागते, याचा एक महत्त्वाचा शोध याच शहरात लागला. आबिड्सपासून सात-आठ किलोमीटरवर तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९५८ साली ती कुन्नूरहून हैदराबादेत आली. तेथील चंपकम, श्रीकांतिया व गोपालन यांनी १९६८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते तीन वर्षांच्या वयात सुजवटीने आजारी पडून बरी झालेली १९ मुले त्यांनी आठ ते अकरा वर्षांची झाल्यावर तपासली. त्यांच्याच परिस्थितीतील, पण हा आजार न झालेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. बुद्धीच्या चाचण्यांत आजारी पडून गेलेली मुले स्पष्टपणे मागे होती. सूज उतरली होती, आजाराची खूण मात्र राहिली होती. तथापि दिलासा देणारी गोष्ट अशी की, दहा-अकरा वर्षांच्या मुलांत ही तफावत लहान मुलांपेक्षा कमी आढळली. मुले थोडी होती, तेव्हा फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण "गेली ती गेली" असे म्हणण्याचेही कारण नाही.

हा आजार बहुधा पाठचे भावंड आले, आईचे दूध सुटले आणि थोरल्याच्या वाट्याला नुसती पातळ पेज आली की गाठतो. सहा महिने पुरे झाल्यावर अंगावरच्या दुधासोबतच घट्ट वरण-भात, कण्या, भुईमुगाचे कूट, अंडे, दूध यांपैकी घरी असेल ते मऊ करून दिवसातून अनेकदा भरवावे. अंडी बाजारात विकून मुलाला बिस्किट आणून देणाऱ्यांना काय म्हणावे!

पण पोट भरले म्हणजे सारे झाले असे नाही. जमैका बेटावर खुरटलेल्या १२९ मुलांवर झालेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्याला कार्यकर्ती जाऊन आईला मुलाशी खेळायला व बोलायला शिकवी. काहींना दोन्ही मिळाले. आहाराने फायदा झाला, खेळण्या-बोलण्यानेही झाला, आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. खेळणीही घरगुतीच होती.

आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच केले. खडे, पाने, बिया हेच त्यांचे शिक्षणसाहित्य. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली; तिचे नावही कुरणशाळा. गुरांमागे लावलेले पोर शिकण्यातून बाद झाले, असे त्या दोघींनी मानले नाही.

एक तपासणी मात्र आधी करावी. मूल हाक मारल्यावर वळत नसेल, कान वाहत असेल किंवा पुस्तक नाकाशी धरीत असेल, तर दोष बुद्धीचा नसून कानाचा किंवा डोळ्याचा असू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील मुलांची अशी तपासणी विनामूल्य होते. पथक कोणत्या दिवशी येणार, हे अंगणवाडीच्या बाईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका.