मोबाईलवरचा सल्ला आणि घरातली यंत्रे

आमचा दवाखाना जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी आहे. मी दवाखाना सुरू केला तेव्हा पेशंट आत यायचा, स्टुलावर बसायचा आणि काय होते आहे ते सांगायचा. आता तो आधी खिशातून मोबाईल काढतो. ‘डाक्टरसाहेब, हाई देखा, मोबाईलमा लिखेल शे,’ असे म्हणत तो माझ्यापुढे धरतो. मग मला आधी मोबाईल तपासावा लागतो आणि नंतर पेशंट.

बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या मंडळींमध्ये या विषयावर रोज चर्चा रंगते. एका बाबांचे ठाम मत आहे की, गावात टॉवर उभा राहिल्यापासून लोकांची डोकी दुखायला लागली. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, आता डॉक्टर खिशातच आहे, फुकट फी कशाला द्यायची? (ही चर्चा दाराआडून मला ऐकू येते, हे त्याला ठाऊक नसते.) आणि एक आजी सांगतात की, पुण्याचा नातू व्हिडिओवर दिसला की गुडघे निम्मे दुखायचे थांबतात. या तिघांत मला आजींचे म्हणणे सर्वांत पटते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रोज कोणीतरी हाक मारणे हे औषधच आहे, आणि त्याचे श्रेय मोबाईलला द्यायला हरकत नाही.

टॉवरवाल्या बाबांसाठी थोडे सांगतो. मोबाईलच्या लहरींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा यादीत टाकले होते. त्यावरून फार घबराट झाली. त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोबाईल वापरणे आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. बाबांचे डोके दुखते ते बहुधा चष्म्याच्या नंबरामुळे, रात्री बारापर्यंत उशीखाली मोबाईल बघण्यामुळे किंवा वाढलेल्या रक्तदाबामुळे. त्यांचा रक्तदाब मोजला तेव्हा १७० निघाला. टॉवर बिचारा उगाच बदनाम झाला.

खरे भय आहे ते मोबाईलमधून आलेल्या मजकुराचे. गेल्या श्रावणात घडलेली गोष्ट सांगतो. जवळच्या खेड्यातले पन्नाशीचे एक गृहस्थ सकाळी उठले ते तोंड वाकडे झालेले आणि उजवा हात लुळा. घरात शिकलेला मुलगा होता. त्याला महिन्यापूर्वी आलेला एक मेसेज आठवला. पक्षाघात झाला तर दहाही बोटांच्या टोकांना आणि कानाच्या पाळ्यांना सुई टोचून रक्त काढा, रोगी उठून बसतो, असे त्यात लिहिले होते. खाली कोणा मोठ्या चिनी वैद्याचा हवाला होता. मुलाने जिवाच्या आकांताने सगळी बोटे टोचली. मग वडील उठून बसण्याची वाट पाहिली. मग पुन्हा टोचली. दोन तासांनी त्याने मला व्हिडिओ कॉल केला आणि बोटे दाखवून विचारले, ‘रक्त बरोबर निघाले का?’

पक्षाघातात मेंदूची रक्तवाहिनी बहुधा गुठळीने बंद होते, कधी फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे बघावे लागते. म्हणजे खेड्यातून निघणे, स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठणे, तपासणी आणि इंजेक्शन हे सगळे त्या साडेचार तासांत बसवायचे असते. त्यातही हे गृहस्थ झोपेतून उठले तेच लक्षणे घेऊन, म्हणजे घड्याळ रात्री कधी सुरू झाले ते कोणालाच माहीत नाही. त्यावर दोन तास सुईने खाल्ले. गृहस्थ वाचले. पण उजवा हात आज खिशात हात घालण्यापुरताही उचलत नाही. वेळेत निघाले असते तर हात वाचलाच असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण संधी तरी मिळाली असती. मुलगा आजही माझ्याशी नजर मिळवत नाही, आणि मी त्याला कधी दोष दिलेला नाही. त्याने आळस केला नव्हता, त्याला जे माहीत होते ते केले.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. तोंड एका बाजूला वाकडे, एक हात उचलत नाही, बोलणे बोबडे किंवा अडखळत, यातले एकही अचानक दिसले तर घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा आणि निघा. सुई नको, तोंडात पाणी नको, मालिश नको. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. याच जातीचा दुसरा मेसेज हृदयविकाराचा आहे. एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, असे तो सांगतो. घरी बसून खोकण्याने झटका थांबत नाही. त्या खोकण्यात जी मिनिटे जातात ती मात्र परत मिळत नाहीत.

असा मजकूर किती दूरवर जातो आणि काय करून बसतो, हे आपल्या धुळे जिल्ह्याइतके कोणाला माहीत असणार? १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. डवरी गोसावी समाजाची ही माणसे मंगळवेढ्याकडून पोट भरायला आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होते. टोळी नव्हतीच. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतली होती आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असे सांगण्यासाठीच ती तयार केलेली होती. शेवटचा खुलाशाचा भाग कोणीतरी कापून टाकला आणि उरले ते मूल उचलून नेणारे मोटारसायकलवाले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली. २०२० मध्ये, करोनाच्या सुरुवातीला, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले. म्हणजे दोन बाण असलेला मेसेज दिसला तर तो कितीतरी हातांतून फिरून आला आहे, एवढे नक्की समजावे. खरा की खोटा, ते बाण सांगत नाहीत.

२०१८ मध्येच २७ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना लस द्यायची होती. लस घेतल्याने पुढे मूल होत नाही, असे मेसेज आले आणि आमच्याकडे लसीच्या दिवशी काही आयांनी मुलांना शाळेतच पाठवले नाही. रुबेला गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला पडतो. म्हणजे ज्या लसीने पुढच्या पिढीची बाळे वाचतात, तिच्याविषयीच असे पसरवले गेले. मी एका आईला विचारले, हे कोणी पाठवले? ती म्हणाली, ‘मावशीने. मावशी का खोटं बोलेल?’ अगदी बरोबर. मावशी खोटे बोलत नाही. पण मावशीला कोणी पाठवले, हे मावशीलाही माहीत नसते.

आता स्वतःची चूक सांगतो, नाहीतर वाचकांना वाटेल की डॉक्टर तेवढे शहाणे. चार-पाच वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला एका ओळखीच्या दुकानदाराचा मेसेज आला. ‘सर, जेवणानंतर छातीत जळजळ, गोळी सांगा.’ लग्नसराईचे दिवस, वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी झाली असेल, असे मनात आले आणि मी ॲसिडिटीची गोळी लिहून पाठवली. पहाटे त्यांची मंडळी दारात. जळजळ म्हणजे हृदयविकाराचा झटका होता. मधुमेही माणसाला छातीत कळ न येता नुसती जळजळ, घाम किंवा धाप एवढेच होऊ शकते, हे मी विद्यार्थी असल्यापासून जाणतो. ते समोर असते तर कपाळावरचा घाम मला दिसला असता. मेसेजमध्ये घाम दिसत नाही. देवाच्या कृपेने ते वाचले आणि आजही दुकानात बसतात. त्या दिवसापासून माझा नियम आहे. छातीच्या तक्रारीचे उत्तर मेसेजवर द्यायचे नाही, लगेच फोन करून ‘निघा’ म्हणायचे.

मोबाईलवरून सल्ला देऊच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने डॉक्टरांसाठी दूरसल्ल्याचे नियम जाहीर केले. फोन, व्हिडिओ, मेसेज हे सगळे त्यात बसते. पण तातडीच्या दुखण्यात पेशंटला लवकरात लवकर प्रत्यक्ष डॉक्टरकडे पाठवायचे आणि गुंगीची, सवय लागणारी काही औषधे अशी लिहून द्यायची नाहीत, हेही त्यात आहे. सरकारच्या ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टर फुकट बोलतात. जुन्या दुखण्याची विचारपूस, रिपोर्ट दाखवणे, गोळी चालू ठेवू का, हे यासाठी उत्तम. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना मी आणखी एक उपयोग सांगतो. कपाशीवर फवारणी करताना कोणाला मळमळ, लाळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा, ताबडतोब रुग्णालयाकडे निघा आणि औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून रस्त्यातूनच डॉक्टरांना पाठवा. कोणते विष हे आधी कळले की पुढची तयारी होते. या एका फोटोची किंमत शंभर ‘शुभ सकाळ’पेक्षा जास्त आहे.

राहिली घरातली यंत्रे. करोनात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, आता रक्तदाबाचे यंत्र, साखरेचे यंत्र आणि हातातले घड्याळ आले आहे. ही यंत्रे वाईट नाहीत, वापरायची रीत कोणी सांगितलेली नसते. चोपड्याकडचे एक केळी उत्पादक घाबरेघुबरे आले. साखर ३१२! औषध वाढवा म्हणाले. मी विचारले, मोजण्याआधी काय करत होता? म्हणाले, नातवाला पिकलेले केळे सोलून भरवले. त्यांना साबणाने हात धुवायला लावले आणि पुन्हा मोजली, १४८ निघाली. बोटाला लागलेला केळ्याचा गर यंत्राने रक्तातली साखर म्हणून मोजला होता. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून हे भागत नाही, हात धुऊन कोरडेच करावे लागतात. यंत्राच्या पट्ट्याही जपाव्या लागतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवलेल्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नये. आणि सुई न टोचता साखर सांगतो म्हणणारे घड्याळ किंवा अंगठी कोणी विकायला आणली तर पैसे वाचवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा वस्तूंबद्दल लोकांना स्पष्ट इशारा दिला आहे.

रक्तदाबाचे यंत्र घ्यायचे तर दंडाला पट्टा बांधायचे घ्या, मनगटाचे नको. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर टेकवा, मग मोजा. एका मिनिटाने पुन्हा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असे आकडे वहीत लिहा. सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर राहिली तर वही घेऊन या. आमच्या एक बाई दिवसातून चौदा वेळा मोजत. एकदा आकडा वाढला की धसका बसे, धसक्याने पुढचा आकडा आणखी वाढे. मी आठ दिवस यंत्र त्यांच्या जावेकडे ठेवायला सांगितले. रक्तदाब उतरला आणि जावेचा चढला, पण ते वेगळे प्रकरण आहे.

ऑक्सिमीटर लावताना बोट थंड असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा चुकतो. बोट चोळून गरम करावे, हात स्थिर ठेवावा, अर्धा मिनिट थांबून आकडा वाचावा. तरी ९४ च्या खाली आला, किंवा आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर दवाखाना गाठावा.

आणि रिपोर्टचा फोटो पाठवताना कृपया पूर्ण पान दिसेल असा काढा. नाव, वय, तारीख त्यात यायला हवी. गेल्याच आठवड्यात एका बाईंनी पाठवलेल्या अर्ध्या पानाचा मी दहा मिनिटे विचार करत बसलो. नंतर कळले, तो त्यांच्या दिरांचा रिपोर्ट होता, आणि तोही गेल्या वर्षीचा.