पत्ता आपला, नाव परक्याचे

मुलांनो, आपल्या नावाप्रमाणेच आपल्या घराचा पत्ताही मोलाचा असतो. शिधापत्रिकेवर तो असतो, वीजबिलावर असतो, बँकेच्या पासबुकावरही असतो. पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड लिहितात. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिले तीन आकडे विभाग व जिल्हा दाखवतात, तर शेवटचे तीन आकडे नेमके टपाल कार्यालय सांगतात. म्हणून देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून टाकलेले पत्र तुमच्या गल्लीत येऊन पोहोचते.

पण पाकिटावर ज्याचे नाव आहे, तो माणूस खरोखर त्या घरात राहतो का, हे पत्र टाकताना कोणी तपासत नाही. याचाच फायदा काही लबाड माणसे घेतात. ती स्वतःचे नाव लिहितात आणि पत्ता मात्र दुसऱ्याचा देतात.

ती असे का करतात? कोणाला कर्ज घेऊन ते बुडवायचे असते. वसुलीला माणसे आली, तर ती दुसऱ्याच्याच दारी जावीत, असा त्याचा डाव असतो. कोणी नसलेल्या धंद्याची नोंदणी करतो आणि सरकारचा कर बुडवतो. अशा खोट्या जीएसटी नोंदण्या शोधण्यासाठी २०२३ मध्ये १६ मे ते १५ जुलै या काळात देशभर मोहीम राबवण्यात आली. धंद्याची जागा दाखवण्यासाठी बनावट वीजबिले आणि बनावट भाडेकरार जोडण्याचे प्रकार तेव्हा चर्चेत होते.

समजा, तुमच्या घरी अनोळखी नावाचे पत्र आले. लगेच घाबरू नका. प्रत्येक चुकीचे पत्र म्हणजे फसवणूक नव्हे. पूर्वीच्या भाडेकरूचे ते असू शकेल. घर क्रमांक लिहिताना एखादा आकडा चुकला असेल. ते पत्र शेजारच्या गल्लीतील एखाद्या मुलीच्या नोकरीचे बोलावणेही असू शकेल! म्हणून ते फाडू नका, केरात टाकू नका आणि उघडूही नका. परक्याचे पत्र वाचण्याचा हक्क आपल्याला नाही. आधी घरातील वडीलधाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना विचारा. त्या नावाचे कोणीच नसेल, तर पाकिटावर स्पष्ट लिहा : “या नावाची व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही.” मग पाकीट पोस्टमनकडे परत द्या. परत देण्यापूर्वी तारीख, पाठवणाऱ्याचे नाव आणि पाकिटावरील क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. पाकिटाचे छायाचित्र काढले तर अधिकच चांगले.

स्पीड पोस्टाने आलेले परक्याचे टपाल सही करून घेऊ नका. तुमची सही म्हणजे पत्र पोहोचल्याचा पुरावा. मग पाठवणारा समजेल, की तो माणूस इथेच राहतो.

पत्रे पुन्हापुन्हा येऊ लागली, तर गप्प बसणे बरे नव्हे. ज्या बँकेकडून किंवा कार्यालयाकडून ती येतात, तिथे लेखी अर्ज करावा. अर्ज लांबलचक नको. तो असा लिहिता येईल :

“आपल्या कार्यालयाकडून अमुक नावाच्या व्यक्तीस आमच्या पत्त्यावर पत्रे येतात. ही व्यक्ती येथे राहत नाही. आमचा तिच्याशी कोणताही संबंध नाही. कृपया आपल्या नोंदीतून आमचा पत्ता काढून टाकावा व तसे लेखी कळवावे.”

अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोहोच म्हणून कार्यालयाचा शिक्का घ्यावा. फसवणुकीचा संशय असेल, तर त्या प्रतीसह पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. मतदार यादीत आपल्या घर क्रमांकावर परक्याचे नाव दिसले, तर ‘नमुना ७’ भरून हरकत घेता येते. हा अर्ज आपल्या भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो.

कधी बँकेची वसुली करणारी माणसे दारात येतात आणि मोठ्या आवाजात बोलतात. तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : कर्ज ते घेणाऱ्या माणसावर असते, पत्त्यावर नसते. केवळ आपला पत्ता कागदावर आहे, म्हणून आपण कोणाचे देणेकरी होत नाही. त्यांचे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र पाहायला मागावे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ मधील सूचनेनुसार कर्जवसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकावणे, अपमान करणे हे तर कधीच चालत नाही. घरात मोठे माणूस नसेल, तर दार उघडू नका. “अब्बा आल्यावर या,” एवढेच सांगा. कोणत्याही कागदावर सही करू नका आणि एक रुपयाही देऊ नका.

मात्र कर्ज आपल्याच घरातील कोणाच्या नावावर काढलेले दिसले, तर प्रकरण अधिक गंभीर आहे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात आपल्या नावावरील कर्जे दिसतात. ऑनलाइन व्यवहारात पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

रोग झाल्यावर औषध घेण्यापेक्षा तो होऊच न देणे चांगले. वीजबिलाची किंवा आधार कार्डाची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि कारण लिहा. जुनी बिले टाकण्यापूर्वी त्यांचे बारीक तुकडे करा. टपालपेटीला कुलूप लावा. घर भाड्याने देताना लेखी करार करा.

मुलांनो, तुमच्या घरात मराठी कागद वाचणारे कदाचित तुम्हीच असाल. दादीअम्मा एखादे सरकारी पत्र तुमच्याच हाती देत असतील. ते नीट वाचा, वरचे नाव पाहा, तारीख पाहा आणि घरच्यांना अर्थ समजावून सांगा. वेळेवर वाचलेले एक पत्र आणि वेळेवर लिहिलेला एक अर्ज घरावरचे मोठे संकट टाळू शकतो.