आमच्या सोसायटीचा गुरखा आणि व्हाईटहॉलचा गुरखा

आपल्या पिढीला ‘गुरखा’ म्हटलं की रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत सोसायटीभोवती फिरणारा माणूस आठवतो. इथे वाढलेल्या माझ्या मुलीला मात्र लंडनमध्ये व्हाईटहॉलजवळचा गुरखा सैनिकाचा पुतळा आठवतो. १९९७ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्याचं अनावरण केलं. तिने विचारलं, “बाबा, नेपाळची माणसं इंग्लंडसाठी का लढली?”

गोष्ट १८१४ ची. देहरादूनजवळ नालापानीच्या किल्ल्यात बलभद्र कुंवर यांच्या मूठभर गोरख्यांनी कंपनीच्या फौजेला जेरीस आणलं. इंग्रजांनी पुढे तिथे आपल्या मृतांबरोबर या शूर शत्रूचंही स्मारक उभारलं. १८१५ मध्ये त्यांनी गोरख्यांनाच भरती करून सिरमूर बटालियन उभी केली. डोंगरातल्या गरीब घरांना पगार मिळाला, इंग्रजांना शिपाई.

१८५७ मध्ये ही पलटण दिल्लीत इंग्रजांच्या बाजूने लढली. तिचा मोर्चा होता हिंदूराव घाटगे यांच्या वाड्यात. हे हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ! ४९० पैकी ३२७ जण तिथे मेले किंवा जखमी झाले. ही बाजू आपल्याला बोचते, पण मुलांना इतिहास सांगताना ती गाळू नये.

१९४७ मध्ये दहा गुरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. त्या चारांतून १९९४ मध्ये रॉयल गुरखा रायफल्स तयार झाली. खुकरी म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत जात नाही, ही निव्वळ दंतकथा. खरी परंपरा दसैंची: आपल्या खंडेनवमीसारखीच तिथे शस्त्रांची पूजा होते.

एवढं करूनही १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्या गुरख्यांना इथे स्थायिक होण्याचा सरसकट हक्क नव्हता. वडील गुरखा पलटणीत अधिकारी असलेल्या अभिनेत्री जोआना लम्ली यांनी चळवळीला आवाज दिला आणि मे २००९ मध्ये सरकारला नमावं लागलं. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मुलीला मी म्हटलं, “पोटासाठी गेले, इमानाने लढले आणि हक्कासाठी म्हातारपणी पुन्हा लढले.”

आपल्या दिवाळीतच त्यांचा तिहार असतो. शेजारी नेपाळी कुटुंब असेल तर यंदा फराळाचं ताट नक्की पाठवा. परत येताना त्यात सेलरोटी असेल!