चिंबोरीचं रक्त आणि आपले भाऊबंद

कोलंबीचं डोकं काळं पडलं की ती सडली, असं आपण धरून चालतो. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात टोपलीसमोर उकिडवं बसलं की मावशी आपण विचारायच्या आतच सांगते, "डोकी बघा भाऊ, काली परली नाय." मावशीची परीक्षा अचूक आहे. पण तो काळेपणा कुजण्याचा नव्हे. कोलंबीच्या अंगातली रोगप्रतिकारक यंत्रणा तिच्या मरणानंतरही काम करत राहते, त्याची ती खूण आहे.

जिवंत कोलंबीला जखम झाली किंवा तिच्या अंगात जिवाणू घुसला, की फिनॉलऑक्सिडेज नावाचं विकर जागं होतं आणि त्या जागी काळं मेलॅनिन तयार करतं. जखम बुजते आणि जिवाणू त्या काळ्या कवचात कोंडून मरतो. एरवी हे विकर निद्रिस्त असतं. त्याच्या प्रथिनाचा एक तुकडा कापला गेला तरच ते काम सुरू करतं. कोलंबी मेली की डोक्यातल्या पाचकग्रंथीतली विकरं झिरपतात, तो तुकडा कापतात आणि यंत्रणा धन्याविना चालू राहते. म्हणून सुरुवात डोक्यापासून होते. बर्फाने ती मंदावते, थांबत नाही. निर्यातीच्या कोलंबीला मासळी कारखान्यांत सोडियम मेटाबायसल्फाइटचं पाणी दाखवतात, ते याच विकराला आवरण्यासाठी.

माझी उमेदीची वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त गोठण्याच्या तपासण्या करण्यात गेली. निळ्या टोपणाच्या नळीतला पिवळसर प्लाझ्मा, ३७ अंशांचं वॉटर बाथ, हातात स्टॉपवॉच. नळी तिरकी करत राहायचं आणि द्रव हलायचा थांबला की बटण दाबायचं. निरोगी माणसाच्या प्लाझ्माला पीटी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइमच्या तपासणीत बारा-तेरा सेकंद लागतात. रक्ताचं वेड मला तिथे लागलं. पुढे नेरूळला राहायला आलो, खाडी जवळ आली आणि ते वेड चिंबोऱ्यांपर्यंत पोहोचलं.

चिंबोरीची नांगी मोडली की फिकट निळसर पाणी येतं. ते तिचं रक्त. पांढऱ्या बशीत घेतलं तर निळेपणा नीट दिसतो आणि थोड्याच वेळात त्याची जेली व्हायला लागते. आपल्या हिमोग्लोबिनात लोह असतं, तिच्या हिमोसायनिनमध्ये तांबं. तांब्याचे दोन अणू सहा हिस्टिडीनांच्या पकडीत बसतात, त्यांच्यामध्ये ऑक्सिजन अडकतो आणि निळा रंग येतो. कोलंबीला काळं करणाऱ्या फिनॉलऑक्सिडेजमध्येही तांब्याचे दोनच अणू, सहाच हिस्टिडीन आणि तीच घडण. ही दोन्ही प्रथिनं एकाच पूर्वजाची लेकरं आहेत. एक रक्तातून प्राणवायू वाहतं, दुसरं शत्रूशी लढतं. विकर आधीचं आणि वाहक नंतरचा, असा अभ्यासकांचा कल आहे. म्हणजे लढवय्याच्या घरात पुढे हमाल जन्मला.

नातं किती जवळचं आहे, ते हॉर्सशू क्रॅबमध्ये दिसतं. हा प्राणी महाराष्ट्रात नाही, ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर आहे. त्याच्या अंगात फिनॉलऑक्सिडेजचं काम हिमोसायनिनच करतं. रक्त गोठवणारं विकर हिमोसायनिनला भिडलं की ते प्राणवायू वाहण्याऐवजी फिनॉलऑक्सिडेजसारखं वागू लागतं, हे २००० साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. गोठणं, श्वास आणि प्रतिकार ही तिन्ही खाती तिथे एका ठिकाणी येतात. याच प्राण्याच्या रक्तपेशींपासून बनवलेल्या चाचणीने सलाईन, इंजेक्शनं आणि लशी जिवाणूंच्या विषापासून मुक्त आहेत का, ते जगभर तपासलं जातं. त्या चाचणीचा पाया फ्रेडरिक बँग यांनी १९५६ साली घातला आणि जॅक लेव्हिन यांच्या साथीने पुढे तिला आकार आला.

याच घराण्यातला आणखी एक भाऊ मला फार आवडतो. पौर्णिमेच्या चिंबोऱ्या पोकळ आणि अमावास्येच्या भरलेल्या, असं खाणारे सांगतात. चंद्राचं काहीही असो, कात टाकण्याच्या आसपास चिंबोरीच्या अंगात मोठी उलथापालथ होते, हे खरं. अमेरिकेतल्या नोरा टरविलिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली खेकड्याच्या रक्तात क्रिप्टोसायनिन नावाचं प्रथिन वर्णिलं. ते हिमोसायनिनचंच भावंड, पण तांबं धरणारी पकड गमावलेलं. प्राणवायू वाहणं त्याला जमत नाही. कात टाकण्याआधी ते रक्तात भराभर वाढतं आणि नव्या कवचाच्या बांधणीला लागतं.

माकुलाचं रक्तही निळंच असतं, तांब्यामुळेच. पण मृदुकाय प्राण्यांचं हिमोसायनिन वेगळ्या कुळातलं आहे. नाव एक, गोत्र निराळं. अशी फसगत या विषयात पावलोपावली होते.

आता ही भावंडं जन्मतात कशी, तेवढं शास्त्र. पेशीत एखाद्या जनुकाची चुकून जास्तीची प्रत निघते. मूळ प्रत जुनं काम सांभाळते, त्यामुळे दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. बहुतेक प्रती निकामी होतात, एखादीला नवं काम सापडतं. सुसुमु ओहनो यांनी १९७० सालच्या पुस्तकात ही कल्पना ठामपणे मांडली. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं समजतं.

असे भाऊबंद आपल्या रक्तातही आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेसचं केंद्र आहे. मानवी प्लाझ्मापासून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि फॅक्टर ८ अशी औषधं करण्याचा त्यांचा व्यवसाय आहे. थंड अल्कोहोलने प्लाझ्मातली प्रथिनं एकेक करून वेगळी काढण्याची रीत हार्वर्डच्या एडविन कोन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसवली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या जखमींना असं अल्ब्युमिन दिलं गेलं होतं. या कुप्या वेगवेगळ्या वॉर्डांत जातात आणि त्यांतल्या प्रथिनांचे रक्तात कुणी भाऊबंद असतील, असं कुणाच्या मनात येत नाही. पण फॅक्टर ८ आणि फॅक्टर ५ ही रक्त गोठायला मदत करणारी प्रथिनं सख्खे भाऊ आहेत आणि रक्तातलं तांबं बाळगणारं सेरुलोप्लाझ्मिन त्यांचं चुलत भावंड आहे.

रक्त गोठवणारी थ्रॉम्बिन, फॅक्टर ७, ९ आणि १० ही विकरं आपल्या स्वादुपिंडातल्या ट्रिप्सिनच्या कुळातली. हिस्टिडीन, अस्पार्टेट आणि सेरीन हे त्रिकूट प्रत्येकात असतं. जिवाणूंना भोकं पाडणाऱ्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेतली सी१आर, सी१एस आणि मास्प ही विकरंही त्याच कुळातली, आणि कोलंबीच्या फिनॉलऑक्सिडेजला जागं करणारी कात्रीही. पाठ्यपुस्तकात गोठणं एका प्रकरणात येतं आणि प्रतिकारशक्ती दुसऱ्यात. ही वाटणी शिकवण्याच्या सोयीची आहे, रक्ताला ती ठाऊक नाही. मास्प-२ प्रोथ्रॉम्बिन कापून थ्रॉम्बिन तयार करू शकतं आणि थ्रॉम्बिन कॉम्प्लिमेंटमधलं सी५ कापू शकतं. वेगळी चूल मांडून कोट्यवधी वर्षं झाली, तरी एकमेकांच्या स्वयंपाकघरात वावर आहे.

लॅम्प्रे हा जबडा नसलेला मासा आपल्या वंशापासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. त्याच्या जनुकांत ८ आणि ९ ही जोडी स्वतंत्र सापडत नाही, असं रसेल डूलिटल यांनी २००८ साली मांडलं. तरी त्याचं रक्त गोठतं. आपल्याकडे ती जोडी नंतर आली, आणि यंत्रणा तिच्यावर इतकी विसंबली की ८ नसेल तर हिमोफिलिया ए, ९ नसेल तर हिमोफिलिया बी. हा दुसरा आजार वेगळा असल्याचं १९५२ साली कळलं, स्टीफन ख्रिसमस या पाच वर्षांच्या मुलामुळे.  

आणि अंडंही याच नात्यागोत्यातलं. चिंबोरीच्या भाईबंदांत रक्ताची जेली करणारं प्रथिन हे अंड्याच्या बलकाचं प्रथिन पुरवणाऱ्या विटेलोजेनिनचं नातेवाईक. ते सांधणारं विकर आपल्या फॅक्टर १३ च्या कुळातलं. पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन ओव्हाल्ब्युमिन, तर आपलं रक्त अवाजवी गोठू न देणाऱ्या अँटिथ्रॉम्बिनचं भावंड. याच कुळातलं अल्फा-१-अँटिट्रिप्सिन फुप्फुसांचं रक्षण करतं. पांढऱ्या पेशी जिवाणूंवर सोडतात ते इलॅस्टेज आपल्याच फुप्फुसांना खाऊ नये, हे त्याचं काम.

पिट्सबर्गच्या एका मुलाच्या अल्फा-१-अँटिट्रिप्सिनमध्ये ३५८ व्या जागी मेथिओनीनऐवजी अर्जिनीन आलं होतं. ३९४ दुव्यांच्या साखळीतला एकच दुवा बदलला आणि फुप्फुसांचा रखवालदार थ्रॉम्बिनच्या मागे लागला. दुखापत किंवा दाह झाला की यकृत हे प्रथिन जास्त बनवतं, म्हणजे ज्या वेळी रक्त गोठायला हवं नेमक्या त्याच वेळी त्याचं रक्त गोठेना. चौदाव्या वर्षी रक्तस्रावाने तो गेला. १९८३ साली हा उलगडा प्रसिद्ध झाला. दोन भावंडांमधलं अंतर कधीकधी एका अमिनो आम्लाएवढंच असतं. प्रथिनांच्या नातेसंबंधांचा याहून ढळढळीत पुरावा मला माहीत नाही.

हिमोफिलियाच्या मुलाला लागणारं फॅक्टर ८ आता जनुकतंत्रानेही बनतं. इम्युनोग्लोब्युलिनच्या कुपीला मात्र माणसाच्या प्लाझ्माशिवाय पर्याय नाही, आणि तो रक्तपेढीतून येतो. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद असतात, कचेऱ्या ओस पडतात, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्यांत तुटवडा जाणवतो.  भाऊबीज झाली की जवळच्या रक्तपेढीत जाऊन या.