गुलमंडीच्या माडीवर गारवा : एसी खिडकीतला की भिंतीवरचा?

होळी सरली की गुलमंडीतल्या घराघरांत माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. कोणी गवताचे पडदे बदलतो, कोणी पंपाची मोटर दुरुस्तीला नेतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या शहराचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मग घरोघरी एकच विषय निघतो, यंदा एसी घ्यायचा का? पूर्वी एसी म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना, बँक किंवा मोठ्या साहेबांची केबिन. आता शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार हेही हप्त्यांवर एसी घेतात. त्यात वावगे काही नाही. उन्हाच्या झळा सर्वांनाच लागतात, मग गारव्याचा हक्क मोजक्या माणसांचाच का असावा?

मात्र एसी ही एकदाच पैसे मोजून विसरण्याची वस्तू नव्हे. ती आठ-दहा वर्षे घरात राहते आणि दर उन्हाळ्यात वीजबिलातून पुन्हा पैसे मागते. म्हणून आमच्या वाचक भगिनींना आणि बंधूंना आमचे सांगणे आहे की, खिडकीतला एसी घ्यावा की भिंतीवरचा, हे दुकानात जाऊन ठरवू नका. ते आपल्या घरात, आपल्या भिंतीपाशी उभे राहून ठरवा. गुलमंडी, औरंगपुरा, कुंभारवाडा, मछली खडक अशा जुन्या वस्तीत तर हे फारच महत्त्वाचे आहे.

कूलर पुरेसा आहे का?

मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असतो. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, ती हवेतली उष्णता घेते आणि हवा गार होते. हवा जितकी कोरडी तितका कूलर चांगला चालतो. त्याला वीजही पंख्यापेक्षा थोडीच जास्त लागते. ज्या घरात समोरासमोर खिडक्या आहेत आणि पाण्याची ददात नाही, तिथे मार्च ते मे कूलर उत्तम काम देतो. त्याला कमी लेखू नये.

पण त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली पाण्याची. कूलर दिवसाला कित्येक लिटर पाणी पितो आणि आपल्या शहराने नळाची वाट पाहण्यात वर्षानुवर्षे काढली आहेत. पिण्याचे पाणी जपून भरणाऱ्या घरात कूलरची टाकी भरणे गृहिणीच्या जिवावर येते. शिवाय टाकीतले पाणी आठवडाभर तसेच राहिले तर त्यात डेंग्यूचे डास वाढतात. दुसरी अडचण जूनमध्ये येते. पावसाळी दमट हवेत पाण्याची वाफ नीट होत नाही, कूलर नुसता ओलावा फेकतो आणि अंग चिकट होते. ज्या घरात या दोन्ही अडचणी आहेत, त्यांनी एसीचा विचार जरूर करावा.

दोघांत फरक काय?

विंडो एसी म्हणजे एकच पेटी. तिचा गार भाग खोलीत आणि गरम भाग बाहेर. कॉम्प्रेसरही त्याच पेटीत असतो, म्हणून आवाज खोलीत येतो. स्प्लिट एसीचे दोन भाग असतात. भिंतीवरचा लांबट भाग गार हवा देतो आणि कॉम्प्रेसर बाहेरच्या पेटीत असतो. दोन्ही भाग तांब्याच्या नळ्यांनी जोडलेले असतात. त्यामुळे खोलीत आवाज कमी. दहावी-बारावीचे मूल त्याच खोलीत अभ्यास करीत असेल तर हा फरक लहान नाही.

विंडोची किंमत सहसा कमी असते आणि बसवण्याचा खर्चही कमी. स्प्लिटला ब्रॅकेट, नळ्या आणि फिटरची मजुरी हे सगळे आले. बाहेरची पेटी लांब बसवायची असेल तर जास्तीच्या नळीचे पैसे फुटाने मोजावे लागतात. खरेदीच्या वेळी हा खर्च विचारून घ्यावा, नाहीतर स्वस्तातला स्प्लिट महागात पडतो.

गुलमंडीची भिंत काय सांगते?

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे गाव वसवले, तेच आजचे आपले शहर. जुन्या वस्तीतल्या वाड्यांच्या भिंती दगड, वीट आणि चुन्याच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. मधल्या चौकामुळे घरात हवा खेळती राहायची. आता पुष्कळ वाडे पाडून त्या जागी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. घर जुने की नवे, यावर यंत्राची निवड अवलंबून असते.

जाड भिंतीत विंडो एसी बसवू नये. या यंत्राच्या बाहेरच्या भागाला बाजूंनीही जाळ्या असतात. तिथून तो हवा ओढतो. पेटी जाड भिंतीत रुतली तर या जाळ्या बुजतात, यंत्र गुदमरते, गारवा कमी होतो आणि वीज मात्र जास्त जाते. शिवाय विंडोला साधारण सव्वादोन फूट रुंद आणि दीड फूट उंच जागा लागते. चुन्याच्या जुन्या भिंतीला एवढे भगदाड पाडण्याआधी जाणत्या गवंड्याला विचारलेच पाहिजे. स्प्लिटला अडीच-तीन इंचांचे एक भोक पुरते. म्हणून जुन्या वाड्यात स्प्लिट बरा.

नव्या इमारतीतल्या पातळ भिंतीत योग्य मापाची खिडकी असेल तर विंडो सहज बसतो. मात्र पेटी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती असावी, म्हणजे पाणी खोलीत न येता बाहेर पडेल. ते पाणी खालच्या दुकानाच्या छपरावर किंवा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यावर ठिबकू नये म्हणून नळी लावून ते मोरीपर्यंत न्यावे. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याची संमती आधी घ्यावी. ड्रिलचा आवाज झाल्यावर घेतलेली संमती ही संमती नसते.

बोळातली गरम हवा

एसी उष्णता नाहीशी करीत नाही. तो ती खोलीतून उचलून बाहेर टाकतो आणि स्वतःला लागलेल्या विजेची उष्णता त्यात मिळवतो. एक टनाचा एसी पूर्ण शक्तीने चालतो तेव्हा तो सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीतून काढतो. विजेची धरून बोळात चार-साडेचार किलोवॅट पडते. म्हणजे दोन हजार वॅटचे दोन हीटर शेजाऱ्याच्या खिडकीसमोर लावल्यासारखे झाले!

गुलमंडीच्या अरुंद बोळात हा विचार केलाच पाहिजे. समोरच्या घरात बाळंतीण किंवा वृद्ध कूलरवर दिवस काढीत असतील तर आपला गारवा त्यांच्या वाट्याला झळ होऊन जातो. इथे स्प्लिटचा मोठा फायदा आहे. त्याची बाहेरची पेटी गच्चीवर नेता येते आणि गरम हवा वर मोकळ्यात जाते. त्यात आपलाही लाभ आहे. कोंडलेल्या बोळात तीच गरम हवा यंत्राकडे परत येते आणि बिल वाढवते. गच्चीवर पेटीला थोडी सावली करावी, पण हवा अडेल असे काही तिच्यापुढे ठेवू नये.

चांदण्यांचा हिशेब

यंत्रावरच्या चांदण्या केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या असतात. विंडोच्या आणि स्प्लिटच्या चांदण्या एकाच मापाने मोजलेल्या नसतात, हे पुष्कळांना ठाऊक नाही. जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कोष्टकात पाच चांदण्यांसाठी स्प्लिटला किमान ५.०० गुण लागत आणि विंडोला ३.५०. म्हणजे पाच चांदण्यांचा विंडो आणि पाच चांदण्यांचा स्प्लिट वीज वाचवण्यात बरोबरीचे नव्हेत. कोष्टक वेळोवेळी कडकही होते. म्हणून चांदण्या मोजण्यापेक्षा पट्टीवरचा ‘आयएसईईआर’ हा आकडा वाचावा. तो जितका मोठा तितकी वीज कमी.

ढोबळ हिशेब करून पाहू. एक टनाचे यंत्र रोज आठ तास पूर्ण शक्तीने चालले असे धरा. ३.१० गुणांचा विंडो दिवसाला सुमारे ९ युनिट घेईल आणि ५.०० गुणांचा स्प्लिट साडेपाचच्या आसपास. महिन्याचे झाले २७० आणि १६८ युनिट. घरातला बाकीचा वापर १२० युनिट असेल तर एकूण ३९० आणि २८८. महावितरणच्या घरगुती दरात ३०० युनिटांच्या पुढच्या विजेला चढा दर लागतो. स्प्लिटवाले घर अलीकडे राहिले, विंडोवाले पलीकडे गेले. वर्षाला तीन महिने आणि सलग काही वर्षे हा फरक भरायचा असेल तर विंडोची स्वस्ताई फार काळ टिकत नाही. उलट वर्षातून पंधरा-वीस दिवसच एसी लावणाऱ्या घराला महागडा स्प्लिट परवडत नाही, हेही खरे.

तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवून पंखा मंद चालू ठेवावा. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे सांगणे आहे. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होते ही समजूत चुकीची आहे.

भाड्याचे घर

भाडेकरूंसाठी आमचे मत वेगळे आहे. आज या बिऱ्हाडात, दोन वर्षांनी दुसऱ्या, अशी स्थिती असेल तर विंडो सोयीचा. दोन माणसांनी उचलला, टेम्पोत ठेवला, नव्या खिडकीत बसवला. स्प्लिट हलवताना गॅस आवरून घेणे, नळ्या सोडवणे, पुन्हा जोडणे असा खटाटोप असतो. त्यात गॅस गळाला तर भुर्दंड वेगळा. स्वतःचे घर असेल तर स्प्लिट, भाड्याचे असेल आणि खिडकी योग्य असेल तर विंडो, असा साधा नियम धरायला हरकत नाही.

वायर आणि वायरमन

जुन्या घरातले वायरिंग पंखा-दिव्यांच्या काळातले असते. एसीसाठी मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचे सॉकेट आणि खात्रीचे अर्थिंग हवे. घराचा मंजूर भार अपुरा असेल तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा. आकडा किंवा जुगाड नको. लाकडी छताच्या वाड्यात एका तापलेल्या वायरने होत्याचे नव्हते होते.

स्प्लिट जोडताना फिटरने नळ्यांतली हवा व्हॅक्युम पंपाने काढली पाहिजे. नुसता गॅस सोडून नळ्या ‘साफ’ करणे ही चुकीची पद्धत आहे. सध्या बऱ्याच यंत्रांत आर-३२ हा वायू असतो आणि तो थोडा ज्वलनशील असतो, म्हणून हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. आणि तो माणूस! तिसऱ्या मजल्याच्या बाहेर एका हाताने ब्रॅकेट धरून लोंबकळणारा पोरगा कोणाच्या तरी घरातला कमावता असतो. आयटीआयमध्ये हा व्यवसाय शिकलेली आपलीही मुले आहेत. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय त्याला खिडकीबाहेर जाऊ देऊ नका. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.

गारवा कोणाच्या खोलीत?

बहुतेक घरांना एकच एसी परवडतो. तो बैठकीत पाहुण्यांसाठी लावायचा, की घरधन्याच्या खोलीत? वृद्ध, तान्ही बाळे, गरोदर स्त्री, हृदयाचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांना उष्माघाताचा धोका अधिक. म्हणून यंत्र त्यांच्या खोलीत लागावे आणि रात्री घरातल्या सर्वांनी तिथे अंथरुणे टाकावीत. भर दुपारी शेगडीपुढे उभी राहणारी गृहिणीही याच यादीत आहे. तिने स्वयंपाक सकाळी उरकावा, असा उपदेश करण्याआधी घरातल्या इतरांनी सकाळच्या कामात हात लावावा.

गच्चीखालच्या खोलीत राहणाऱ्यांनी आधी गच्चीला पांढरा चुना मारून घ्यावा. ऊन परतवले जाते आणि लहान यंत्रातही भागते. असे घर आधी गार, मग यंत्र. आधी भिंत, मग दुकान. आधी शेजारी, मग बोळातली पेटी. हा क्रम सांभाळला तर विंडो असो की स्प्लिट, पैसे सत्कारणी लागतील आणि आपल्या गारव्याचा चटका दुसऱ्या कोणाला बसणार नाही.