पाण्यातल्या रोपालाही श्वास लागतो

‘पाण्यावरची शेती’ या नावानंच फसगत होते. गॅलरीत घरगुती हायड्रोपोनिक्स करून पाहणारा माणूस बी थेट पाण्यात सोडतो आणि चार-सहा दिवसांत ते कुजतं. मग दोष बियांना. खरं तर रुजणारं बी श्वास घेत असतं. त्याला ओल हवी, तशी हवाही हवी. मटकीला मोड आणताना आपण रात्रभर भिजवून पाणी निथळतो आणि फडक्यात बांधून ठेवतो, ते याचसाठी. इथंही तेच करायचं. स्पंजच्या तुकड्यात किंवा दोन-तीन पाण्यांनी धुतलेल्या कोकोपीटमध्ये बी ठेवा; ओल पिळलेल्या फडक्याइतकी.

पाण्यात हवा सोडणाऱ्या पंपाशिवाय हे जमत नाही, असंही सांगतात. हवाई विद्यापीठातल्या बी. ए. क्रॅटकी यांनी पंप नसलेली पद्धत रूढ केली. झाकणात बसवलेलं रोप डब्यातलं पाणी पितं, पातळी उतरते आणि झाकणाखाली मोकळी जागा तयार होते. त्या दमट हवेतली मुळं श्वासाचं काम करतात. पण आपल्याला रिकामी जागा बघवत नाही! डबा पुन्हा काठोकाठ भरला, की ती मुळं बुडतात आणि चांगलं वाढलेलं रोप मान टाकतं. भर घालायचीच तर थोडी, वरची मुळं उघडी ठेवून.

बी उगवेना म्हणून खत घालू नका. त्याची शिदोरी त्याच्या पोटातच असते. खरी पानं फुटेपर्यंत साधं पाणी पुरतं. पुढेही सुरुवात खताच्या निम्म्या ताकदीच्या द्रावणानं करा. युरिया मात्र टाळा. मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करून देतात, स्वच्छ डब्यात ते पुरेसे नसतात. नुसतं 19:19:19 हे विद्राव्य खत वापरलं तर कॅल्शियम मिळत नाही. कॅल्शियम नायट्रेट वेगळं विरघळवा. दाट द्रावणं एकत्र केली तर पांढरा साका खाली बसतो.

स्वयंपाकघरातले धणेही उगवतात, फक्त ते भाजलेले किंवा फार जुने नकोत. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका करा. आठ-दहा दिवस धीर धरा. पालकाचं एक ‘बी’ म्हणजेही बियांचा झुबकाच. दोन-तीन रोपं आली तर जोमदार एक ठेवून बाकीची कात्रीनं कापा, उपटलीत तर शेजारची मुळं दुखावतात.

पारदर्शक बरणीत मुळं छान दिसतात, पण उजेडानं शेवाळ धरतं. बरणीला कागद गुंडाळा आणि झाकणाच्या फटी बुजवा, नाहीतर त्याच पाण्यात डास अंडी घालतील.